संयम सुटतो, तो का?
मानसिक आघात, मेंदूतील जोडण्या आणि स्त्रीचा ‘स्वभाव’

‘‘तिचा स्वभावच तापट’’, ‘‘जरा काही वाजले की दचकते’’, ‘‘बोलायला गेले की गप्प बसते’’, ‘‘एवढी शिकलेली, पण साधा निर्णय घेता येत नाही’’. घरातील, नात्यातील किंवा शेजारच्या एखाद्या स्त्रीबद्दल अशी वाक्ये आपण सहज बोलून जातो. शहराच्या दक्षिणेला विजापूर रस्त्याच्या बाजूने वाढलेल्या जुळे सोलापूरसारख्या वसाहतीत ती जिन्यावर ऐकू येतात, भिशीच्या बैठकीत ऐकू येतात आणि लग्नकार्यातही. या सगळ्या वाक्यांमागे एकच गृहीतक असते. संयम ही मनाच्या निग्रहाची बाब आहे. ज्याच्यापाशी तो नाही, त्याच्या संस्कारात किंवा इच्छाशक्तीत काहीतरी उणे आहे, असे आपण मानतो. बाईच्या बाबतीत तर सोशिकपणा हा दागिनाच समजला जातो. साहजिकच जिचा संयम सुटतो, तिला समजून घेण्यापेक्षा तिला उपदेश करण्याकडेच घरादाराचा कल असतो.

गेल्या तीन दशकांतील मेंदूविज्ञानाने या गृहीतकाला मोठा तडा दिला आहे. संयम हा मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधील जोडण्यांवर अवलंबून असतो आणि जिवावर बेतलेला प्रसंग किंवा वर्षानुवर्षे सोसलेली मारहाण या जोडण्यांच्या कामात बदल घडवू शकते, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. हे बदल कायमचेच असतात असे नाही, ही त्यातील दिलासा देणारी बाजू. परंतु ते उपदेशाने भरून येत नाहीत, हेही तितकेच खरे.

किल्लारीने दाखवलेले वास्तव

येथे प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. मनाला लागलेली प्रत्येक ठेच म्हणजे मानसिक आघात नव्हे. मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार यांना स्वतः सामोरे जावे लागणे, किंवा ते डोळ्यांसमोर घडताना पाहावे लागणे, याला वैद्यकशास्त्र आघात म्हणते. अशा प्रसंगानंतर महिना उलटला तरी तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, त्याची आठवण करून देणारी माणसे व जागा टाळणे, सतत सावध आणि चिडचिडे राहणे, झोप उडणे, मन बधिर होणे अशी लक्षणे टिकून राहिली आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर त्याला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी, असे म्हणतात.

सोलापूरकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत झालेल्या भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे काही सेकंदांत मातीला मिळवली. सरकारी आकडेवारीनुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. अनेक जखमींना सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात आणण्यात आले. मोडलेल्या हाडांवर उपचार झाले, नवी घरेही उभी राहिली. पण मोडलेल्या मनांचा हिशेब कोणाच्या पंचनाम्यात नव्हता.

हा हिशेब मांडण्याचा प्रयत्न मानसोपचारतज्ज्ञांनी केला. भूकंपातून वाचलेल्यांच्या एका प्राथमिक पाहणीचा अहवाल १९९६ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाहणी लहान होती, पण तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मानसिक विकाराची लक्षणे आढळली. त्यांत आघातोत्तर तणाव आणि नैराश्य हे प्रमुख होते आणि स्त्रियांमध्ये त्यांचे प्रमाण अधिक होते. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केंद्रही स्थापन केले आणि डॉ. मोहन आगाशे यांच्यासारखे मानसोपचारतज्ज्ञ त्या कामात होते. धरणीकंपाने स्त्री आणि पुरुष असा भेद केला नव्हता. मग त्याचा मनावरचा भार स्त्रियांवर अधिक का पडावा? या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मेंदूत नेमके काय घडते ते पाहू.

पहारेकरी, दप्तरदार आणि कारभारी

मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक लहानसा भाग असतो. त्याला ॲमिग्डला म्हणतात. हा मेंदूचा पहारेकरी. धोक्याची चाहूल लागताच तो क्षणार्धात सारे शरीर सज्ज करतो. छाती धडधडते, स्नायू ताठरतात, श्वास जलद होतो. त्याच्या शेजारी असलेला हिप्पोकॅम्पस हा दप्तरदार. कोणती घटना केव्हा, कोठे आणि कोणत्या संदर्भात घडली याची नोंद तो ठेवतो. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा कारभारी. पहारेकऱ्याची हाक खरी की खोटी हे तपासणे, तोंडावर आलेला शब्द मागे घेणे, उगारलेला हात आवरणे, चार पावले पुढचा विचार करणे, ही त्याची कामे. आपण ज्याला संयम म्हणतो तो बहुतांशी या कारभाऱ्याचा आणि त्याच्याकडून इतर भागांकडे जाणाऱ्या तंतूंचा खेळ आहे.

सोलापुरात यंत्रमाग पाहिलेल्यांना हे चटकन उमजेल. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी एक यंत्रणा मागाला असते. धागा तुटल्याची खबर तिला मिळाली, पण ती खबर पुढे पोहोचवणारा दांडा सैल झाला असेल, तर माग चालूच राहतो आणि कापड बिघडते. दोष धाग्यात नसतो, चालवणाऱ्याच्या इच्छेतही नसतो. तो जोडणीत असतो.

तीव्र भीतीच्या क्षणी मेंदूत नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिन या रसायनांचा पूर येतो. त्या पुरात कारभाऱ्याच्या पेशींमधील संपर्क तात्पुरता क्षीण होतो आणि सूत्रे पहारेकऱ्याच्या हाती जातात, हे अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधक एमी आर्न्स्टन यांनी अनेक वर्षांच्या कामातून मांडले. ही निसर्गाचीच योजना आहे. समोर साप आल्यावर विचार करत बसणारा वाचत नाही. अडचण येते ती साप निघून गेल्यावरही पहारेकरी आरोळ्या ठोकत राहिला तर. जिला रोज संध्याकाळी दारावरची पावले ऐकून आज मार बसणार की नाही याचा अंदाज घ्यावा लागतो, तिच्या मेंदूत हा पूर ओसरायला उसंतच मिळत नाही.

अशा वेळी दप्तरदाराचेही काम बिघडते. घटनेची नोंद ‘तेव्हा आणि तेथे’ या सदरात पडण्याऐवजी ‘आत्ता आणि येथे’ या सदरात पडते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतो. आघात सोसलेल्या मेंदूचे हे अचूक वर्णन आहे. दाराची कडी वाजली, कोणी मागून खांद्यावर हात ठेवला, तव्यावर उलथणे आपटले, एवढ्यानेही संपूर्ण शरीर त्या जुन्या प्रसंगात परत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो मात्र ‘विनाकारण’ चढलेला पारा.

हात आवरण्याची कसोटी

आघातोत्तर तणाव विकाराला मानसोपचाराच्या अधिकृत अमेरिकी सूचीत स्थान मिळाले ते १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवामुळे. त्यामुळे आघात आणि मेंदू यांविषयीचे सुरुवातीचे बरेचसे संशोधन पुरुषांवर झाले. स्त्रियांच्या मेंदूचा स्वतंत्र विचार नंतर सुरू झाला.

अमेरिकेतील अटलांटा येथे एमोरी विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्रेडी या सार्वजनिक रुग्णालयात येणाऱ्या, गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांवर केलेले काम या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांतील सर्व जणींनी आयुष्यात मोठे आघात सोसले होते; परंतु काहींना आघातोत्तर तणाव विकार होता, काहींना नव्हता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांना एमआरआय यंत्रात झोपवून एक साधी कसोटी देण्यात आली. पडद्यावर चिन्ह दिसले की बटण दाबायचे. मात्र थांबण्याची खूण दिसली तर हात आवरायचा. हात आवरण्याच्या क्षणी, विकार असलेल्या स्त्रियांमध्ये कपाळामागच्या भागाच्या खालच्या-मधल्या पट्ट्यातील हालचाल कमी आढळली. भीती आवरण्याशी हाच पट्टा निगडित मानला जातो. म्हणजे उगारलेला हात थांबवणे आणि उसळलेली भीती शमवणे या दोन वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी मेंदूत एकाच वाटेने जातात.

याच गटाने २०१२ मध्ये मेंदूतील पांढऱ्या तंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मेंदूच्या पुढच्या भागाला मागच्या भागाशी आणि स्मृतीच्या केंद्राशी जोडणारा सिंग्युलम नावाचा तंतूंचा जुडगा असतो. विकार असलेल्या स्त्रियांमध्ये या जुडग्याच्या मागील भागाची बांधणी काहीशी विस्कळीत आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या स्त्रियाही आघात सोसलेल्याच होत्या, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

संयम सुटणे म्हणजे केवळ राग अनावर होणे नव्हे. कॅनडातील रूथ लेनियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, काही रुग्णांमध्ये नेमके उलटे घडते. कारभारी पहारेकऱ्याला इतका दाबून टाकतो की भावनाच बधिर होतात. अशी स्त्री रडत नाही, भांडत नाही. स्वतःकडे दुरून पाहत असल्यासारखी वावरते. घरच्यांना ती ‘शांत’ वाटते. भडका उडणे आणि गोठून जाणे ही एकाच बिघाडाची दोन टोके आहेत.

स्त्रियांमध्येच अधिक का?

अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात कधी तरी आघातोत्तर तणाव विकार झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये १०.४ टक्के, तर पुरुषांमध्ये ५ टक्के आढळले. आघाताला सामोरे जाण्याचे प्रमाण मात्र पुरुषांमध्ये अधिक होते. यावरून ‘बाईचे मन नाजूक’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल, पण तो घाईचा ठरेल.

आघात कोणता, हे येथे निर्णायक ठरते. पुरुषांच्या वाट्याला अपघात, मारामारी, युद्ध अधिक येते; स्त्रियांच्या वाट्याला लैंगिक अत्याचार आणि घरातली हिंसा. अपघात एकदा घडतो आणि संपतो. घरातली हिंसा पुन्हा पुन्हा घडते, ज्याच्या आधाराने जगायचे त्याच्याच हातून घडते आणि तिच्याविषयी बोलताही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या नव्या आजार-सूचीत अशा दीर्घ आघातांच्या परिणामांना ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ असे वेगळे नाव मिळाले आहे. भावना आवरता न येणे, स्वतःला कवडीमोल समजणे आणि नाती टिकवणे अवघड होणे, ही त्याची खास लक्षणे आहेत. शरीराचाही यात वाटा असू शकतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी कमी असताना जुनी भीती विझवण्याची प्रक्रिया मंदावते, असे काही प्रयोगांत दिसले आहे. हे संशोधन अजून चालू आहे.

आपल्याकडील चित्र काय आहे? २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवलेली आहे. देशाच्या पातळीवर हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली. तीन चतुर्थांशांहून अधिक जणींनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. फ्लॅटचे दार लोटले की आतला आवाज बाहेर येत नाही. पण दार लोटून घेतल्याने आघात थांबत नाही.

‘ती ओरडली का नाही?’

हे सारे प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाही, याची साक्ष महाराष्ट्राच्याच न्यायालयीन इतिहासात आहे. १९७२ मध्ये देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांची निर्दोष मुक्तता केली. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, या बाबींना त्या निकालात मोठे वजन मिळाले. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

त्या वेळी जे न्यायाच्या भाषेत मांडले गेले, त्याला पुढे विज्ञानाचीही पुष्टी मिळाली. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे लैंगिक अत्याचारानंतर तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या अभ्यासात (२०१७) सुमारे ७० टक्के स्त्रियांनी सांगितले की, त्या क्षणी त्यांचे शरीर लक्षणीय प्रमाणात गोठून गेले होते. हालचाल करता येत नव्हती, आवाज फुटत नव्हता. मराठीत ‘वाचा बसणे’, ‘दातखिळी बसणे’ हे शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भाषेला जे ठाऊक होते, ते साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र विसरले गेले. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले गेले ते २०१३ मध्ये.

विज्ञानाची मर्यादा

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एखाद्या स्त्रीचा एमआरआय काढून तिला आघात झाला होता की नाही हे सांगता येत नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. शिवाय कारण कोणते आणि परिणाम कोणता, हेही नेहमी सरळ नसते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जुळ्या भावांच्या एका गाजलेल्या अभ्यासात, युद्धावर न गेलेल्या जुळ्या भावांमध्येही हिप्पोकॅम्पस लहान आढळला. म्हणजे काही फरक आघातापूर्वीचेही असू शकतात. आघात सोसलेल्या बहुसंख्य स्त्रियांना हा विकार होत नाही, हेही विसरता कामा नये. ‘तिचा मेंदूच बिघडला आहे’ असा नवा शिक्का मारण्यासाठी या संशोधनाचा वापर झाला, तर तो जुन्या शिक्क्यापेक्षाही वाईट ठरेल.

जोडण्या पुन्हा जुळतात

मेंदूच्या जोडण्या वापराने घडतात आणि वापरानेच दुरुस्तही होतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या परीक्षेच्या तयारीने महिनाभर ताणाखाली असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची लक्ष वळवण्याची क्षमता आणि कपाळामागच्या भागाच्या जोडण्या क्षीण झालेल्या आढळल्या. परीक्षा संपून महिना गेल्यावर त्या पूर्ववत झाल्या. परीक्षेचा ताण आणि आघात यांची बरोबरी नाही. तरीही ताण हटला की तरुण, निरोगी मेंदू सावरतो, हे त्यातून कळते. पहिली अट ताण हटण्याची आहे. मारहाण चालू असताना ‘मन शांत ठेव’ हा सल्ला निरर्थक असतो.

सुरक्षितता मिळाल्यानंतर उपचारांना खरी गती येते. प्रशिक्षित समुपदेशकाच्या सोबतीने त्या प्रसंगाकडे हळूहळू, सुरक्षितपणे पुन्हा पाहणे, ‘चूक माझीच होती’ यासारख्या घट्ट बसलेल्या समजुती तपासणे, या पद्धतींचा उपयोग सिद्ध झाला आहे. गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ औषधेही देतात. ती मनाने सुरू किंवा बंद करू नयेत. दीर्घकाळ विकाराने त्रस्त असलेल्या स्त्रियांसाठी बोस्टनमध्ये दहा आठवडे योगवर्ग घेण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार योग करणाऱ्यांपैकी निम्म्या स्त्रिया विकाराच्या निकषांतून बाहेर आल्या. केवळ आरोग्यविषयक माहितीचे वर्ग घेतलेल्या गटात हे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. अर्थात, योग हा उपचारांना पूरक आहे, पर्याय नव्हे.

हे सारे महागड्या शहरी दवाखान्यांपुरतेच आहे काय? आफ्रिकेतील काँगोमध्ये युद्धकाळात लैंगिक हिंसा सोसलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांसाठी स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन गट-उपचार करण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी गट-उपचार घेतलेल्यांपैकी केवळ ९ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य किंवा चिंताविकाराची लक्षणे उरली होती; नुसता वैयक्तिक आधार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होते. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात. हजार विड्यांचा हिशेब सोडून दवाखान्याच्या रांगेत दिवस घालवणे त्यांना परवडत नाही. वस्तीतच, ओळखीच्या स्त्रीकडून मिळणारी मदत त्यांच्यासाठी अधिक मोलाची ठरेल.

मदतीची दारे अगदीच बंद नाहीत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. हिंसेच्या प्रसंगी १८१ ही महिला मदतवाहिनी आणि ११२ हा तातडीचा क्रमांक आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात कोणालाही जाता येते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि त्याखाली केवळ शारीरिकच नव्हे, तर मानसिक छळाविरुद्धही दाद मागता येते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. जखमेवर मलमपट्टी करतानाच ती जखम कशी झाली हे विचारणारे कोणी रुग्णालयातच असावे, हा त्यामागील विचार होता. तो प्रत्येक शहरातील प्रत्येक रुग्णालयात रुजायला हवा.

घरातील माणसांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी मेंदूशास्त्राची पदवी लागत नाही. तिच्या मागून अचानक येऊ नये. आधी हाक मारावी. भडका उडाला असताना वाद घालू नये. कारभारी जागेवर नसताना युक्तिवाद ऐकणारे कोणी नसते. ती सांगेल तेवढेच ऐकावे, खोदून विचारू नये, आणि ‘झाले गेले विसरून जा’ म्हणू नये. विसरता येत नाही हाच तर आजार आहे. ठरल्या वेळी जेवण, पुरेशी झोप, दिवसाचा ठरलेला क्रम, या साध्या गोष्टी पहारेकऱ्याला धोका टळल्याची खात्री देतात. तिच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता तिला एकटे न सोडता तज्ज्ञाकडे न्यावे.

संयम हा गुण आहेच. पण तो सुरक्षित मनाच्या जमिनीत उगवतो. जमीन हादरत असताना पीक का येत नाही म्हणून बियाण्याला दोष देण्यात अर्थ नाही. ‘तिचा स्वभावच तसा’ असे म्हणण्यापूर्वी ‘तिच्यावर काय गुजरले असेल’ एवढा एकच प्रश्न मनात आला, तरी पुष्कळ घरांतील बोलण्याचा सूर बदलेल. आणि सूर बदलला, की उपचाराची सुरुवात झालेली असते.